मान्य, कितव्यापर्यंत?

१

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. याचं मात्र गेली सव्वीस वर्षं दात करूनच भरत होतं. कवळ्या बनवायचं काम. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवत, हा त्यांवरून प्लास्टरचे साचे ओती, मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवी आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवी. ज्यांच्या तोंडात त्या जात, ती माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती. गल्लीत सगळे त्याला कवळीवाला म्हणत. बायको नुसतं 'कवळ्या' म्हणे, तेही चारचौघांत.

दोघं शाळेत एका वर्गात होती. त्यामुळे लग्नानंतर अहो-जाहो करणं तिला कधी जमलं नाही, आणि जमवायचंही नव्हतं. "माझ्या वहीत बघून गणितं सोडवायचास, आणि आता तुला अहो म्हणू?" अहो-जाहो तिला नोकरीत भरपूर करावं लागे. बस स्थानकावर काचेच्या खोलीत बसून ती सूचना देई. "कृपया लक्ष द्या. फलाट क्रमांक चारवरची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटेल. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आवाज असा, की उशीर झाल्याचा राग कुणाला येऊ नये. घरी येऊन हाच आवाज त्याच्या नावानं शंख करी, की मेणाचे हात टॉवेलला का पुसलेस.

चौदा महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली. हात, पाय, मान, जीभ, सगळं गेलं. पापण्या तेवढ्या तिच्या ताब्यात राहिल्या. "आत त्या पूर्ण जाग्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही बोलता ते सगळं त्यांना कळतं." मग दोघांनी ठरवून घेतलं: पापणी एकदा मिटली तर हो, लागोपाठ दोनदा मिटली तर नाही. पाणी हवं? एकदा. खिडकी लावू? दोनदा. अख्खा संसार आता या दोन शब्दांत बसवावा लागत होता.

स्थानकात तिच्या आवाजात आधी भरून ठेवलेल्या ठरावीक सूचनांच्या फिती पुढे चार महिने वाजत राहिल्या. तो दुपारी ठसे आणायला निघाला की वाट वाकडी करून तिथं जाई आणि बाकावर बसून फलाट क्रमांक ऐके. मग स्थानकानं आवाज बदलला. त्या दिवशी तो बाकावर बसून रडला. शेजारच्या माणसाला वाटलं, याची गाडी चुकली.

२

घराच्या तिन्ही खोल्या एका रांगेत होत्या. रस्त्याकडची कामाची, तिथं फळीवर पांढऱ्या जबड्यांची ओळ. मधल्या खोलीत जेवायचं टेबल आणि त्यावर संगणक. आतली तिची. मधल्या खोलीतल्या खुर्चीवरून तिच्या पलंगाचं पायथ्याचं टोक आणि चादरीखालचे पाय दिसत.

टेबलाच्या एका कडेला बुद्धिबळाचा पट मांडलेला असे. त्याला कुणी हात लावायचा नाही, धूळसुद्धा फुंकरीनं उडवायची. सहा वर्षांपूर्वी त्याला इंटरनेटवर एक क्लब सापडला होता. टपालानं बुद्धिबळ खेळायची जुनी पद्धत, फक्त पोस्टकार्डाऐवजी ईमेल. एका चालीला तीन दिवस. तू चाल पाठव, मी पटावर मांडतो, विचार करतो, माझी पाठवतो. एकेक डाव वर्षभर चाले. ज्याचं अर्धं आयुष्य प्लास्टर वाळायची वाट बघण्यात गेलं, त्याच्यासाठी हा खेळ जणू मापानंच बेतलेला होता.

वेळ वाचावा म्हणून क्लबात 'जर-तर' पाठवायची मुभा होती. जर तुमच्या प्याद्यानं माझा घोडा मारला, तर माझा उंट तुमचं प्यादं मारेल. जर मग तुमचा हत्ती आला, तर माझा वजीर अमुक घरात. अशी चार-पाच जर-तरांची रांग एका पत्रात लावता येई. समोरच्यानं उत्तरात 'मान्य' लिहायचं आणि कितव्यापर्यंत तो आकडा टाकायचा. आकडा न टाकता नुसतं 'मान्य' लिहिलं, तर सगळी रांग बांधील. हा क्लबाचा नियम अकरा. नवे खेळाडू हमखास इथं पाय घसरून पडत.

हा कधीच घसरला नव्हता. रांग कितीही सोपी दिसो, तो लिही, "मान्य, पहिल्यापर्यंत." फारच झालं तर दुसऱ्यापर्यंत. बायको पाठीमागून वाचून हसे. "बरं झालं, लग्नाच्या वेळी तुला आकडा विचारला नाही. 'मान्य, तिसऱ्या वर्षापर्यंत' म्हणाला असतास."

नव्या फेरीतला प्रतिस्पर्धी स्वतःला 'सावकाश' म्हणवी. क्लबात टोपणनावंच चालत. त्याचं पत्र बरोबर तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी येई. एक चाल, आणि खाली सही: सावकाश. ना नमस्कार, ना हवापाण्याच्या गप्पा. कवळीवाल्याला हा माणूस आवडला. घरात दिवसभर आपलाच आवाज ऐकून कंटाळलेल्या माणसाला कमी बोलणारा सोबती बरा वाटतो.

३

अठराव्या चालीला सावकाशनं पहिलं जर-तर पाठवलं.

"जर तुम्ही चहा पुन्हा गरम केलात, तर माझा उंट दोन घरं मागे. सावकाश."

कवळीवाल्याच्या हातात कप होता. चहावर साय धरली होती. तो मोठ्यानं हसला, मग आतल्या खोलीत जाऊन बायकोला वाचून दाखवलं. "बघ, मला वाटलं होतं हा पुतळा आहे. गमत्या निघाला की." तिनं नुसतं पाहिलं. प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर नव्हतं.

पट मांडून बसणाऱ्या माणसाचा चहा गार होणारच, यात जगावेगळं ते काय? त्यानं चहा गरम केला. तिसऱ्या दिवशी सावकाशचा उंट खरोखरच दोन घरं मागे गेला. चाल अगदीच वाया घालवलेली. फुकटचा मोहरा मिळाला तर आधी तीन दिवस हुंगावा, असा कवळीवाल्याचा जुना नेम होता. त्यानं तीन दिवस हुंगला. काही वास आला नाही.

पुढचं पत्र आलं.

"जर तिच्या डाव्या हाताची करंगळी हलली, तर माझं एक प्यादं तुमच्या उंटाच्या तोंडी. सावकाश."

या वेळी तो हसला नाही. 'ती' हा शब्द पटावरच्या कुठल्याही मोहऱ्याला लागू होत नव्हता. बायकोबद्दल त्यानं प्रतिस्पर्ध्यांना एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग आठवलं: गेल्या वर्षी रजा मागताना क्लबाच्या चिटणिसाला कळवलं होतं, घरात आजारपण आहे म्हणून. चिटणिसाच्या तोंडात तीळ भिजत नसणार. कुणीतरी कळवळ्याचं माणूस असेल. धीर द्यायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यानं चिटणिसाला पत्र टाकलं, की सावकाश म्हणून खेळतात ते कोण, आणि माझ्या घरचं तुम्ही त्यांना सांगितलंत का.

मग सावकाशला उत्तर लिहिलं. "मान्य, पहिल्यापर्यंत." एवढं लिहिताना त्याला आपल्या मनातली आशा दिसली आणि स्वतःचीच लाज वाटली.

४

तीन दिवसांनी, चार वाजून दहा मिनिटांनी रांग आली.

"१. जर तिनं मूठ वळली, तर माझं दुसरं प्यादं तुमच्या तोंडी.
२. जर ती उठून बसली, तर माझा घोडा.
३. जर ती बोलली, तर माझा उंट.
४. जर ती चालली, तर माझा हत्ती.
५. जर ती या खोलीत येऊन बसली, तर माझा वजीर.
सावकाश."

तो रागावला. चेष्टेलाही एक मर्यादा असते. आता याला चांगलं खरमरीत लिहावं म्हणून त्यानं कळफलक पुढे ओढला, आणि आतून आवाज आला. टण्.

तिच्या डाव्या हाताशी औषधाची स्टीलची वाटी असे. त्यानं कान टवकारले. खिडकीचं दार असेल, वारा असेल. बाहेर वारा नव्हता. पुन्हा, टण्. आणि पुन्हा, जणू वाटीच्या कडेला कुणी नखानं टिचकी मारतंय.

चौदा महिने या घरात त्याच्या स्वतःच्या हालचालीशिवाय कसलाही आवाज झाला नव्हता. पत्राच्या उत्तरात त्यानं एक शब्द लिहिला, बटण दाबलं आणि खुर्ची पाडून आत धावला.

तिची करंगळी हलत होती. तो गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात कपाळाला लावून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. रडता रडता केव्हातरी त्याच्या लक्षात आलं, की आपण आकडा टाकायला विसरलो.

५

मूठ तिसऱ्या दिवशी वळली. सहाव्या दिवशी ती उठून बसली. आधार न घेता, एखादी फळी उभी करावी तशी सरळ. दोन्ही वेळा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. प्यादं गेलं, घोडा गेला. पटाबाहेर त्याच्या बाजूला पांढऱ्या मोहऱ्यांची ओळ वाढू लागली.

डॉक्टरीणबाई तपासून थक्क झाल्या. "असं क्वचित होतं, पण होतं. शरीराचं काही सांगता येत नाही." हे वाक्य त्यानं मनाशी घट्ट धरून ठेवलं. शिकलेल्या बाईंनी सांगितलं होतं, तपासून सांगितलं होतं. पत्रं आणि प्रकृती यांची वेळ जुळते, हा योगायोग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय?

"डोळे मात्र फार मिचकावतायत," त्या जाताना म्हणाल्या. "कोरडे पडले असतील. थेंब लिहून देते, दिवसातून चारदा घाला. घातल्यावर पापण्या मिटून वर दोन मिनिटं तळहात ठेवा, म्हणजे मुरतील."

नवव्या दिवशी तो कामाच्या खोलीत खालच्या जबड्याला दाढा बसवत होता. आतून स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"कृपया लक्ष द्या."

हातातली दाढ मेणात आडवी रुतली. तो दारात जाऊन उभा राहिला. ती पलंगावर बसली होती, हात मांडीवर.

"अहो, जरा पाणी देता का?" ती म्हणाली.

तोच आवाज. बाकावर बसून ऐकलेला, बदलून टाकलेला, मेलेला म्हणून सोडून दिलेला. त्यानं पाणी दिलं, अर्धं तिच्या पदरावर सांडलं, पुन्हा दिलं. "बोल," तो म्हणाला. "अजून बोल. शिव्या दे. टॉवेल बघ, मेण लागलंय त्याला."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमची गैरसोय झाली, दिलगीर आहे."

तो हसत सुटला, डोळे पुसत पुसत हसला. त्या 'अहो'चा विचार त्यानं दुसऱ्या दिवशी केला. चौदा महिने बंद पडलेला आवाज. त्याला जे सगळ्यात जास्त पाठ, ते आधी आठवणार. सूचनाच आधी आठवल्या. 'तू' येईल मागाहून. एवढं स्पष्टीकरण त्याला पुरलं, निदान संध्याकाळपर्यंत पुरलं.

६

मेहुणी दर गुरुवारी येई. ताईचे केस धुवायचे, नखं कापायची. त्या गुरुवारी ती ताईला बघून किंचाळलीच, गळ्यात पडली. तास-दीड तास दोघी आत बोलत होत्या. मग मेहुणी बाहेर आली ती चपला शोधत.

"अगं, चहा तरी घे," तो म्हणाला.

"भाऊजी, ताई मला तुम्ही म्हणाली."

"सध्या सगळ्यांनाच म्हणते. स्थानकावरची सवय गं."

"मला अंगावर खेळवलंय तिनं." मेहुणीचा आवाज खाली आला. "मी विचारलं, माझं लाडाचं नाव काय ते सांग. तर म्हणाली, कृपया चौकशी खिडकीशी संपर्क साधा. मला वाटलं चेष्टा करतेय. पण हसली नाही, भाऊजी. आणि सगळा वेळ तिच्या पापण्या..."

"डोळे कोरडे पडलेत. थेंब चालू आहेत."

मेहुणीनं चपला पायात सरकवल्या. "असेल," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी जमणार नाही, असं सांगून गेली. कारण विचारलं तर मुलीची परीक्षा आहे म्हणाली.

त्यालाही एक गोष्ट खुपत होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. नवी कवळी बसवली की डॉक्टर माणसाला काही शब्द बोलायला लावतात. 'प' आणि 'ब' म्हणताना ओठाला ओठ लागतो, 'फ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात. दात चुकीच्या उंचीवर बसले असतील तर तिथंच कळतं. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाची नजर आपोआप बोलणाऱ्याच्या ओठांवर जाते. ती 'कृपया' म्हणाली की तिचे ओठ एकमेकांना लागत नव्हते. 'फलाट'ला दात ओठाला लागत नव्हता. तोंड नुसतं थोडं उघडं राही आणि शब्द पूर्ण, स्वच्छ बाहेर येई.

ओठांत अजून ताकद नसेल, त्यानं स्वतःला सांगितलं. मग ओठ न मिटता 'प' कसा निघतो, हा प्रश्न त्यानं फळीवरच्या जबड्यांपाशी ठेवून दिला.

त्याच दुपारी चिटणिसाचं उत्तर आलं. उशिराबद्दल माफी होती. पुढे लिहिलं होतं: "तुमच्या घरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि सावकाश या नावाचा सभासद आपल्याकडे नाही. तुमच्या गटात या वेळी विषम संख्या आली, त्यामुळे फेरीत तुम्हाला प्रतिस्पर्धीच दिलेला नव्हता. तसं सुरुवातीलाच कळवलं होतं. तुम्ही कुणाशी खेळताय?"

त्यानं पत्र दोनदा वाचलं. पट समोर मांडलेला होता, त्याच्याकडे एक घोडा, एक उंट आणि दोन प्यादी जास्त होती. आतून ती विचारत होती, "अहो, कुणाचं पत्र?"

"कुणाचं नाही," तो म्हणाला, आणि ते पत्र पुसून टाकलं.

७

ती चालली तेव्हा हत्ती गेला. आणि तीन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, ती आपल्या पायांनी मधल्या खोलीत आली आणि पटासमोरच्या खुर्चीत बसली. सहा वर्षं त्यानं कुणाला हात लावू न दिलेल्या पटाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे त्याच्याकडे होते.

"खूप छान वाटतंय," ती म्हणाली. "प्रवास सुखाचा झाला."

खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. इतक्या दिवसांत त्यानं तिला इतक्या उजेडात, इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ओठांकडे बघायचं टाळायचं म्हणून तो डोळ्यांकडे बघत राहिला.

पापण्या मिटल्या, मिटल्या. थांबल्या. मिटल्या, मिटल्या. थांबल्या.

कोरडा डोळा कसाही मिचकावतो. कधी एकदा, कधी चारदा. हा मोजायला लागला. दहा वेळा मोजलं, वीस वेळा मोजलं. प्रत्येक वेळी दोन. तिला बोलता यायला लागल्यापासून त्यानं पापण्यांना काही विचारलंच नव्हतं. गरजच काय होती?

मग त्यानं अगदी हळू, जुन्या सवयीनं विचारलं, "मी सुतार आहे का?"

"तुम्ही कवळ्या बनवता," तोंड म्हणालं. पापण्या दोनदा मिटल्या.

"शाळेत मी तुझ्या वहीत बघून गणितं सोडवायचो?"

"त्याबद्दल माहिती उपलब्ध नाही," तोंड म्हणालं. पापणी मिटली. एकदाच.

तो तिच्या डोळ्यांजवळ वाकला. "आत तूच आहेस?"

एकदा.

"हे बोलतंय, चालतंय, ते तू?"

"अहो, असं काय विचारता? मीच आहे. मी छान आहे," आवाज म्हणाला, गोड, समजुतीचा. आणि त्या आवाजाच्या वर, तिच्या उघड्या डोळ्यांवर, पापण्या दोनदा मिटल्या, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा, इतक्या जोरात की कपाळाला आठी पडली. गेले पंधरा दिवस ती हेच सांगत होती. त्याला, डॉक्टरांना, बहिणीला. पलंगावर होती तेव्हा निदान आतून आणि बाहेरून ती एकटीच होती.

"मी डाव सोडू?" त्यानं विचारलं. "सोडला तर हे जाईल. पण मग तू पुन्हा पलंगावर. पुन्हा तसंच, काहीच नाही, आवाजसुद्धा..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पापणी मिटली आणि तशीच मिटलेली राहिली, म्हणजे मोजण्यात त्याची चूक व्हायला नको.

८

डाव सोडायची मुभा कुठल्याही खेळाडूला केव्हाही असते. दोन शब्द लिहायचे. संगणक हाताच्या अंतरावर होता. त्यानं सावकाशचं ते रांगेचं पत्र उघडलं, उत्तराच्या चौकटीत लिहिलं, "डाव सोडला." वर मूळ पत्र दिसत होतं. एक ते पाच, आणि सही. सहीच्या खाली बरीच कोरी जागा होती. त्या दिवशी त्यानं सहीपर्यंत वाचलं होतं. सहीच्या खाली कोण वाचतो?

त्यानं पत्र खाली सरकवलं. कोरी जागा संपता संपेना. अगदी तळाला एक ओळ होती.

"६. जर ती नाही म्हणाली, तर ते तुम्ही ऐकलं नाहीत."

आणि त्याखाली त्याचं स्वतःचं उत्तर, तारीखवेळेसकट. मान्य. पुढे आकडा नाही.

सहाव्याच्या बदल्यात कुठला मोहरा देऊ केलेला नव्हता. कुणाची सक्तीही दिसत नव्हती. बटण समोर होतं, बोट त्याचंच होतं. दाबलं की पत्र गेलं असतं. त्याला हे अगदी नीट कळत होतं, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याची सबब त्याला कधी सापडली नाही.

"अरे कवळ्या," ती पाठीमागून म्हणाली.

बोट थांबलं.

"टॉवेलला पुन्हा मेण पुसलंस ना? किती वेळा सांगायचं रे तुला? माझ्या वहीतलं बघून पास झालास, एवढं तरी डोक्यात ठेव."

तोच ठसका. 'पास'वर तोच जोर. तीस वर्षांत ज्याची किंमत कळली नाही आणि चौदा महिन्यांत ज्याच्याशिवाय कशालाच किंमत उरली नाही, ते 'तू'. त्याला माहीत होतं, हे काय आहे. आत्ताच, या क्षणी, बटणावर बोट असताना हा मोहरा तोंडापुढे का आला, हे पहिल्या इयत्तेतल्या खेळाडूलाही कळलं असतं. फुकटचा मोहरा तीन दिवस हुंगावा.

त्यानं तीन श्वाससुद्धा घेतले नाहीत. "डाव सोडला" हे दोन शब्द एकेक अक्षर करून पुसले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली. सावकाशचा वजीर त्याच्या हत्तीच्या तोंडी आला होता. त्यानं वजीर मारला, चाल पाठवली आणि उठला.

"थेंबांची वेळ झाली," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला फार स्वच्छ वाटला.

"घाल की मग. बघत काय बसलास?"

कपाटावरून बाटली घेऊन तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. तिची मान मागे टेकवली. डोळे त्याच्याकडे उलटे बघत होते. शाळेत तिच्या वहीतलं बघताना त्याला पकडलं की ती असं बघायची. पापण्या फडफडत होत्या, दोनदा, दोनदा. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा नीट गेला. मग दुसरा डोळा. पाणी कानशिलांवरून केसांत उतरलं. ते थेंबांचंच होतं, आणखी कशाचं असणार?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसे त्यानं तिचे डोळे मिटले आणि दोन्हींवर तळहात ठेवले. दोन मिनिटं ठेवायचे होते. प्लास्टरनं खरबरीत झालेल्या त्या तळव्यांना खालची हालचाल लागत होती: दोनदा. थांबून दोनदा. थांबून दोनदा.

"ऐकतोयस ना रे?" तिच्या आवाजानं लाडानं विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि हात तसेच दाबून धरले.